तेरीज जुळते, खाते चुकते

व्यापारी पेढीवरील जुन्या मुनीमांना एका चुकीचे फार भय वाटत असे. कीर्दीत रक्कम बरोबर लिहिलेली असते, जमा आणि नावे यांच्या बेरजा जुळतात, तेरीज पत्रकात एका पैशाचाही फरक येत नाही. मात्र खतावणी करताना ती रक्कम एकाच्या खात्याऐवजी दुसऱ्याच खात्यावर पडलेली असते. रक्कम चुकली तर तेरीज लगेच सांगते. खाते चुकले तर तेरीज गप्प राहते. ज्याच्या नावावर ती जमा व्हायला हवी होती, त्याने वही मागून पाहिली तरच चूक उघडकीस येते. त्याने वही मागितलीच नाही, तर दर दिवाळीला नव्या वहीत तीच शिल्लक पुढे ओढली जाते.

शाळांमध्ये विद्यार्थी प्रमुख निवडताना मुलींवर होणारा अन्याय पुष्कळदा याच प्रकारचा असतो. जून महिन्यात शाळा उघडतात, जुलैपर्यंत वर्गप्रमुख ठरतात, विद्यार्थी मंडळ किंवा शालेय मंत्रिमंडळ स्थापन होते. मुलींना संधी देऊ नये, असे आज सातारा-सांगलीतील कोणतीही शाळा म्हणणार नाही. निवड गुणवत्तेवर होते, असेच सर्वत्र सांगितले जाते आणि सांगणारे बहुधा खोटेही बोलत नसतात. तरीही बऱ्याच ठिकाणी प्रमुख मुलगा आणि उपप्रमुख मुलगी, ही जोडी इतकी सवयीची झालेली आहे की ती उलटी झाली तर ती बातमी होते.

याचे कारण निवडीच्या दिवशी शोधून सापडत नाही. ते वर्षभराच्या नोंदींत असते. उशिरा येणाऱ्यांची नोंद ठेवणारी, तास रिकामा असताना वर्ग शांत ठेवणारी, स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा पैसान्‌पैसा लिहून ठेवणारी मुलगी असेल, तर तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा पडतो: समंजस, आज्ञाधारक, मदतीस तत्पर. तेच काम मुलाने केले तर शेरा पडतो: पुढाकार घेतो, नेतृत्वगुण आहेत. काम एक, खाती दोन. पुढे निवडीची वेळ आली की शिक्षक प्रामाणिकपणे ‘नेतृत्व’ या खात्याचे पान उघडतात. तेथे मुलाच्या नावावर शिल्लक दिसते आणि मुलीचे पान कोरे असते. तिची सारी रक्कम ‘मदत’ खात्यावर पडलेली असते. निर्णय गुणवत्तेवर झाला, असे म्हणायला मग कोणाचीच हरकत राहत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत असलेल्या एका जैन कुटुंबातील नववीतल्या मुलीच्या वाट्याला असेच आले. शाळेने विद्यार्थी प्रमुखपदासाठी नावे मागवली, वर्गावर्गांतून मते घेतली आणि छोटीशी मुलाखतही घेतली. मते मोजणारे विद्यार्थीच होते, त्यामुळे सर्वांत जास्त मते त्या मुलीला पडल्याचे मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला ठाऊक झाले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली, ती मात्र शिक्षकांच्या बैठकीत ठरलेली. प्रमुख म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाचे नाव होते आणि मुलगी उपप्रमुख होती. कारणे विचारली तेव्हा सांगण्यात आले की प्रमुखाला जिल्हास्तरीय स्पर्धांसाठी बाहेरगावी मुक्काम करावा लागतो, संचलनात मोठ्या आवाजात आज्ञा द्याव्या लागतात, कधी सायंकाळी उशिरापर्यंत थांबावे लागते.

घरी वडिलांनी तिची समजूत काढली. “उपप्रमुख म्हणजे काय कमी मान आहे का बाळ? नाव तर लागलं ना फळ्यावर?” यार्डात काट्यावर वजनात पावशेराचा फरक आला तरी सौदा थांबवणारे हे गृहस्थ लेकीच्या मतांतील मोठा फरक सोडून द्यायला सहज तयार झाले. त्यांच्या मनात दुजाभाव नव्हता. शाळेशी वाद नको, मुलीचे नाव चर्चेत नको, एवढीच त्यांची भावना होती.

शेजारी बसून शेंगा निवडणाऱ्या आज्जींनी मात्र विचारले, “मतं कुणाला जास्त पडली?”

“तिलाच. पण आई, आता तो विषय वाढवायचा नाही.”

त्या घराचा एक जुना इतिहास आहे. आज्जींचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा मुले लहान होती. तीन हंगाम पेढीची वही आज्जींनी ओसरीवर बसून सांभाळली. शेतकऱ्यांच्या पट्ट्या त्या करून देत, उचल कोणाला किती द्यायची ते ठरवत, थकबाकीदाराला निरोप कोणत्या शब्दांत धाडायचा तेही त्याच सांगत. त्या तीन वर्षांत पेढीने कोणाचे देणे बुडवले नाही. नातेवाइकांत आजही त्या काळाचा विषय निघतो, तेव्हा सारे एकच वाक्य बोलतात: “आक्कांनी फार सोसलं.” त्या सायंकाळी आज्जी मुलाला म्हणाल्या, “मी सोसलं म्हणतात सगळे. अरे, मी पेढी चालवली. ते कुणी म्हणत नाही.”

वडील काही वेळ गप्प राहिले आणि दुकानी निघून गेले. शाळेत कोणी गेले नाही. मुलीने वर्षभर उपप्रमुख म्हणून काम केले. प्रार्थनेच्या रांगा लावणे, उशिरा येणाऱ्यांची वही, क्रीडा सप्ताहाचे वेळापत्रक, स्नेहसंमेलनाचा जमाखर्च हे सारे तिच्याकडे होते. ध्वनिक्षेपक मात्र प्रमुखाकडे होता. तो मुलगा सरळ मनाचा होता आणि त्यालाही वर्ष सुखाचे गेले नाही. आपल्याला पद गुणांनी मिळाले की मुलगा म्हणून मिळाले, हे त्याला कळेना. मित्र थट्टेत त्याला ‘नेमलेला’ म्हणत. पुढल्या वर्षी दहावीत वक्तृत्व मंडळाच्या प्रमुखपदासाठी नावे मागवली तेव्हा मुलीने नाव दिले नाही. अभ्यास आहे, असे तिने सांगितले. घरच्यांना ते पटले. पण ज्या मुलीने आदल्या वर्षी सगळा अभ्यास सांभाळून ते सारे काम केले होते, तिला अभ्यासाचे कारण एकाएकी का सुचले, हा प्रश्न आज्जींशिवाय कोणाला पडला नाही. चुकीच्या खतावणीचे खरे नुकसान येथे आहे. एका वर्षाचे पद जाते, ते फारसे मोठे नाही. मागण्याची सवय जाते, ती पुन्हा सहजासहजी लागत नाही.

या दोन जिल्ह्यांच्या भूमीला हा विषय नवा असू नये. १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने वेगळा झालेला आणि १९६० साली सांगली हे नाव मिळालेला जिल्हा मूळचा साताऱ्याचाच भाग. सावित्रीबाई फुले ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. जैन समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली तिचे कार्य साताऱ्यात आणले. शाळा काढण्यापूर्वी हा माणूस किर्लोस्करांचे नांगर गावोगाव जाऊन विकत असे, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. भाऊरावांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत आणि आपली कामे आपण करीत. जन्मावरून कोणाची पात्रता ठरवायची नाही, ती कामावरून ठरू द्यायची, हा त्या वसतिगृहाचा रोजचा धडा होता.

त्याच वसतिगृहाच्या इतिहासात कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे नाव अत्यंत आदराने घेतले जाते. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. हा त्याग थोर आहेच. परंतु विविध जातींच्या, विविध सवयींच्या मुलांना एका घरात नांदवणे, शिधा तुटपुंजा असताना रोजची पंगत उठवणे, आजाऱ्याची शुश्रूषा आणि भांडणाचा निवाडा करणे, यासाठी त्यागाच्या जोडीने कारभाराची शहाणीवही लागते. लक्ष्मीबाईंचा त्याग सर्वांच्या तोंडी आहे. त्यांचा कारभार कारभार म्हणून क्वचितच सांगितला जातो. आज्जींच्या ‘सोसलं’ आणि ‘चालवली’ या दोन शब्दांतील अंतर एवढ्या मोठ्या उदाहरणातही दिसते.

काही ठिकाणी तर मुलींचे खातेच उघडलेले नव्हते. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुले तयार करणे, हा या शाळांचा हेतू. प्रवेश परीक्षेने, शिस्त कडक, पद मिळवायचे ते मेहनतीने. गुणवत्तेचा याहून स्वच्छ नमुना सापडणे कठीण. तरीही सुमारे साठ वर्षे त्या गुणवत्ता यादीत मुलीचे नाव येणे शक्यच नव्हते, कारण तिला परीक्षेलाच बसता येत नव्हते. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून देशातील सर्व सैनिक शाळांचे दरवाजे मुलींना खुले झाले. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेला बसण्याची मुलींना मुभा दिली. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तेथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. संचलनात मुलीचा आवाज पोहोचेल का, या शंकेचे उत्तर आता शाळेच्या मैदानावर शोधण्याची आवश्यकता राहिलेली नाही.

महाविद्यालयांच्या पातळीवर महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन उत्तरे कायद्याने देऊन पाहिली आहेत. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ अन्वये महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेवर प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचा, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, सांस्कृतिक कार्यक्रम यांचे प्रतिनिधी नेमायचे आणि त्यांशिवाय दोन विद्यार्थिनी नेमायच्या, अशी रचना होती. मतदानातील भांडणे आणि हिंसा यांना कंटाळून गुणपत्रिकेचा आधार घेतला गेला होता. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ ने निवडणुकीची तरतूद परत आणली आणि अध्यक्ष, सचिव यांच्या जोडीला एक महिला प्रतिनिधी ठेवली.

दोन्ही पद्धतींमागील हेतू चांगला असला तरी दोन्हींची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. गुणपत्रिका परिश्रम आणि स्मरण मोजते. चाळीस जणांना एका कामासाठी एकत्र आणण्याचे कसब ती मोजत नाही. बँकेत कर्जाचा अर्ज आला तर केवळ अर्जदाराची पदवी पाहून कोणी कर्ज मंजूर करीत नाही. मागील वर्षांचा व्यवहार पाहतात, वचन दिल्या तारखेला हप्ता आला का ते पाहतात. आणि मुलींसाठी राखलेली एक वेगळी जागा दार उघडते खरे, पण तेवढीच मुलींची जागा आणि बाकीच्या मुलांच्या, असा समजही त्यामुळे नकळत रुजू शकतो. दार म्हणून केलेली सोय मग छपरासारखी डोक्यावर येते. शाळेतील उपप्रमुखपदाचे नेमके हेच झाले आहे.

ग्रामपंचायतींचा अनुभव यापेक्षा वेगळा आणि अधिक शिकवणारा आहे. १९९३ सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. यातील महत्त्वाचा भाग असा की केवळ सदस्यांच्या जागा राखून कायदा थांबला नाही. सरपंचपदही पाळीपाळीने महिलांसाठी राखीव झाले. म्हणजे उपपद न देता मुख्य पदच दिले गेले. त्याचा परिणाम पश्चिम बंगालमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी तपासला. २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या एस्तेर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९५ गावांतील ११ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना प्रश्न विचारले. एकूण ८,४५३ मुलाखती झाल्या. ज्या गावांत लागोपाठ दोन कार्यकाळ स्त्री प्रमुख होती, तेथे मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांतील अंतर ३२ टक्क्यांनी कमी झालेले आढळले आणि शिक्षणातील अंतर तर नाहीसेच झाले.

याच संशोधकांच्या गटाचा २००९ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग खतावणीच्या चुकीवर थेट बोट ठेवतो. गावकऱ्यांना नेत्याचे एकच भाषण ध्वनिमुद्रित करून ऐकवण्यात आले. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना स्त्रीच्या आवाजात. ज्या गावांनी स्त्री प्रमुख कधी पाहिली नव्हती, तेथील पुरुषांनी तेच शब्द स्त्रीच्या तोंडून ऐकल्यावर कमी प्रतीचे ठरवले. ज्या गावांनी स्त्रीचा कारभार पाहिला होता, तेथे हा फरक उरला नाही. विशेष म्हणजे नेता पुरुषच असावा ही आवड तेथेही तितकीशी बदलली नव्हती. मोजमाप मात्र सुधारले होते. शाळेसाठी यातून घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. आवडीनिवडी एका वर्षात बदलणार नाहीत. मापाचा काटा मात्र आजच दुरुस्त करता येतो.

तो कसा करावा, हे व्यापारी माणसाला परके नाही. पूर्वी बाजारात मालाचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत असे. त्या हत्ता पद्धतीत अडत्या आणि खरेदीदार यांना भाव कळे. ज्याचा माल, तो शेतकरी मात्र चेहऱ्याकडे पाहत राही. अडत्या लबाडच असे, असे मुळीच नाही. परंतु प्रामाणिक अडत्यालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नसे. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आला आणि भाव सर्वांसमोर पुकारला जाऊ लागला. शिक्षकांच्या बंद खोलीत ठरणारी यादी ही हत्ता पद्धतच आहे. निर्णय न्याय्य असला तरी तो तसा दिसत नाही आणि अन्याय्य असला तरी कोणाला दाखवता येत नाही.

सांगलीच्या त्या मुलीची मामेबहीण साताऱ्यातील एका शाळेत शिकते. तेथील मुख्याध्यापिकांनी नावे मागवण्यापूर्वीच विद्यार्थी प्रमुखाची कामे एका कागदावर लिहून सूचना फलकावर लावली. त्याखाली कोणत्या गोष्टीला किती गुण, तेही लिहिले: मागील वर्षी अंगावर घेतलेले आणि पुरे केलेले काम, विद्यार्थ्यांची गुप्त मते, सर्वांना विचारले जाणारे तेच पाच प्रश्न. आधीचे वर्षभर प्रत्येक वर्गात दर महिन्याला वर्गप्रमुख बदलत असे. त्या महिन्यात त्याने किंवा तिने सूचना वाचायच्या, मैदानावर रांगा लावायच्या आणि हिशेबही ठेवायचा. त्यामुळे ध्वनिक्षेपक मुलांचा आणि वही मुलींची, अशी वाटणी होऊ शकली नाही. बाहेरगावी मुक्काम असेल तेव्हा सोबत शिक्षिका द्यायची, ही जबाबदारी शाळेने स्वतःकडे घेतली. तो मुलीच्या पात्रतेतील उणेपणा मानला नाही.

निवड झाली आणि प्रमुखपद एका मुलाला मिळाले. त्या मामेबहिणीनेही नाव दिले होते. ती तिसरी आली. गुणांचा तक्ता फलकावर लागला होता. ती घरी आली ती रडत आली नाही. “माझं मागच्या वर्षीचं काम कमी पडलं,” एवढेच तिने आईला सांगितले आणि पुढच्या महिन्यात ग्रंथालयाचे काम मागून घेतले. निवडलेल्या मुलाला ‘नेमलेला’ म्हणायला कोणाला जागा राहिली नाही. न्याय्य पद्धतीने दर वेळी मुलगीच निवडून येईल, असे मानणे ही दुसरी चूक ठरेल. फलकावरचे छायाचित्र चांगले दिसावे म्हणून एखाद्या मुलीला पद देणे हाही त्या पदाचा आणि त्या मुलीचा अपमानच आहे. हरणाऱ्याला आपण का हरलो ते कळावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाव द्यावेसे वाटावे, एवढे ज्या पद्धतीने साधते ती पद्धत चांगली.

जैन परंपरेतही याला आधार आहे. प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी आपल्या कन्यांपैकी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवली, अशी कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. पेढीच्या वहीत ज्या दोन गोष्टी लिहिल्या जातात, ते अक्षर आणि तो अंक, परंपरेने मुलींच्या नावावर जमा केले आहेत. भगवान महावीरांच्या संघात १४,००० मुनी आणि ३६,००० साध्वी होत्या, असे परंपरा सांगते. त्या ३६,००० जणींचे नेतृत्व चंदनेकडे होते. ती एकदा बाजारात विकली गेलेली मुलगी होती. तिच्या हातचे उडदाचे दान ही कथा प्रवचनांत वारंवार येते आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. तिने एवढा मोठा संघ सांभाळला, ही गोष्ट मात्र तितक्या वेळा येत नाही. चंदनेच्याही बाबतीत करुणेचे पान भरलेले आणि कारभाराचे पान कोरे राहते.

घराघरांत याचा पडताळा घेता येतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि २००५ सालच्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. अनेक पेढ्यांच्या भागीदारीपत्रांत सुनेचे किंवा पत्नीचे नाव असते. ते करासाठी असते, आणि तिची सही दाखवलेल्या जागी होते. ताळेबंदात काय आहे, हे तिला कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. ज्या घरात मुलगी हे पाहत मोठी होते, तिने शाळेत प्रमुखपदावर हक्क सांगावा, ही अपेक्षा फार मोठी आहे. म्हणून काट्याची दुरुस्ती शाळेत व्हावी, तशी ती दुकानाच्या गादीवरही व्हावी. दिवाळीत वहीपूजन झाल्यावर मुलाला आणि मुलीला शेजारी बसवून वर्षाचा ताळेबंद एकदा वाचून दाखवला, तरी पुष्कळ काम होईल.

सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतील अनेक शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आणि शालेय समित्यांवर जैन व्यापारी कुटुंबांतील ज्येष्ठ मंडळी बसतात. इमारतीला देणगी देणे, बक्षिसे ठेवणे हे त्यांचे औदार्य सर्वश्रुत आहे. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी शिक्षकांकडे असेलच असे नाही: वही तपासण्याची नजर. जुलैच्या बैठकीत त्यांनी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचाराव्यात. विद्यार्थी प्रमुखाची कामे निवडीपूर्वी लिहून लावली होती का? मते आणि गुण मुलांना दाखवले का? गेल्या पाच वर्षांत उपप्रमुख म्हणून ज्या मुलींची नावे लागली, त्या वर्षभर प्रत्यक्षात कोणते काम करीत होत्या? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे आणि ते आल्यावर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.